उकंडाची दुसरी बुडी

नाताळाच्या आधीच्या रविवारी उकंडानं पास्टरलाच नदीत बुडवलं, आणि त्या दिवसापासून खैरगोंदीत कुणाला हसायचं असलं की उकंडाचं नाव काढलं तरी भागू लागलं.

झालं असं, की वर्धा नदीच्या डोहात छातीइतक्या पाण्यात पाच जणांचे बाप्तिस्मे नीट पार पडले. सहावा उकंडा. राजदीप पास्टरनं एक हात त्याच्या पाठीला दिला, दुसरा छातीवर ठेवला, म्हणायचे शब्द अर्धे झाले असतील नसतील, तोच त्याला मागं लवंडवलं. पाणी नाकाशी आलं आणि उकंडाचा उजवा गुडघा वर आला. गुडघ्यामागून टाच. चौतीस वर्षांचा, यवतमाळात शिकलेला, अंगानं काडीपहिलवान पास्टर दोन हात मागं फेकला गेला आणि चष्म्यासकट पाण्याखाली गेला. पास्टर वर आला, चष्मा आला नाही. काठावरच्या बायका पदर तोंडात कोंबून हसत होत्या. उकंडा मात्र बाहेर येऊन दगडावर बसला होता, आणि त्याचे दात एकमेकांवर वाजत होते.

"काय बे उकंडा," फाट्यावरच्या टपरीवर भगवानराव हटकत, "पास्टरलेच बाप्तिस्मा देल्ला म्हन्तेत तू! आता तू त्याचा पास्टर का तो तुया?"

भगवानराव गावातले मोठे कास्तकार. त्यांचं हसणं मोकळं होतं. पण मागच्या बाकावरून कुणीतरी हळूच म्हणे, "नदीलेच पसंत नाई ना. आपला धरम सोडाले चालला होता, देवानंच मारवली लाथ त्याच्या पायानं." उकंडा बशीतला चहा एका घोटात संपवून उठे.

पास्टरसकट सगळ्यांनी एकच कारण धरलं होतं: हातापायाची सवय. उकंडा होताच विहिरीतला माणूस. बाप नदीवर मासोळ्या धरायचा, हा विहिरीत उतरला. राळेगावच्या त्या टापूत कुणाची पाण्याची मोटार तळाशी बसली, कुणाच्या विहिरीत गाळ साचला, कुणाची शेळी पडली, की मोटारसायकल उकंडाच्या दारात. माणूस पडलं तरी तेच. पोलीस पंचनाम्याचे कागद घेऊन येईपर्यंत उकंडा कपडे पिळून बसलेला असे. जित्या काढलेल्या माणसांची नावं गाव सांगे. बाकीच्यांची उकंडा कुणाला सांगत नसे.

त्याचं स्वतःचं नावही मरणाशी केलेल्या सौद्यातूनच आलं होतं. त्याच्या आधी मायीची दोन लेकरं गेली होती. तिसरा झाला तसा तिनं तो नेऊन उकिरड्यावर ठेवला, शेणाकाडीत. शेजारणीनं उचलला, आणि मायीनं सूपभर ज्वारी देऊन तिच्याकडून तो विकत घेतला. रीतच तशी. टाकून दिलेलं लेकरू मरण नेत नाही. त्याला वाटतं, हा तर कचरा, याचं काय करायचं? म्हणून उकंडा. माय म्हणे, "तुले मरनानं एकडाव पाह्यलं आन सोडून देल्लं. आता तुले भेव नाई." विहिरीत उतरताना उकंडाला हे खरंच वाटायचं.

बापानं मात्र दुसरं शिकवलं होतं. धंद्याचा एकच नेम. बुडणाऱ्याच्या समोरून जायचं नाही. मागून जायचं, केस धरायचे, तोंड पाण्यावर ठेवायचं आणि ओढत आणायचं. "समोरून गेला का तो गयाले मिठी मारते, आन मंग दोघंबी जातेत. बुडता मानूस कोनाचा मैतर नसते रे पोरा."

हा नेम उकंडानं जन्मात एकदाच मोडला. अकरा वर्षांपूर्वी, वैशाखात, भगवानरावांच्या विहिरीवर.

त्या दिवशी मोटार वर काढायचं काम होतं. उकंडा खाली, वर गडारीपाशी, दोराच्या चाकापाशी, देवीलाल. देवीलाल बंजाऱ्यांच्या तांड्यावरचा, पण वीस वर्षांची जोडी. एकाच्या डब्यातली भाकर दुसऱ्याच्या पोटात जायची. त्याला पोहता येत नव्हतं आणि त्याची त्याला लाजही नव्हती. "तू खालचा राजा, मी वरचा," असं म्हणायचा. मोटार निघाली, काम संपलं. भगवानराव चहा सांगायला घराकडे गेले. उकंडा बांधावरच्या बाभळीखाली अंग वाळवत पडला. देवीलाल गडारीवरचा दोर गोळा करायला विहिरीवर आडव्या टाकलेल्या ओल्या फळीवर चढला, आणि उकंडाला फक्त आवाज आला. पाण्यावर काहीतरी जड आपटल्याचा.

उडी मारायला त्यानं वेळ लावला नाही. खाली दोन पुरुस, दोन माणसांच्या उंचीएवढं, पाणी होतं. देवीलाल एकदा खाली जाऊन वर आला होता, डोळे फाटलेले, आणि त्यानं उकंडाला पाहून हाक मारली, "उकंड्या!"

मागं वळसा घालायला एक श्वास लागला असता. पण हाक ओळखीची होती. उकंडा सरळ गेला.

देवीलालचे हात गळ्यात पडले, पाय मांड्यांना आवळले. दोघं खाली गेले. एकदा वर आले, पुन्हा खाली. उकंडाच्या कानात शिट्टी वाजू लागली, छाती फुटायला आली, आणि मग त्याचा उजवा गुडघा वर आला. गुडघ्यामागून टाच, देवीलालच्या छातीत. मिठी सुटली. पाणी एकदम मोकळं झालं.

उकंडा दगडी कपारीला धरून लटकला. मागं बुडबुडे येत होते. त्यानं लगेच वळायला हवं होतं. तो वळला नाही. बुडबुडे थांबेपर्यंत तो त्या कपारीला चिकटून राहिला, कारण त्याला भीती वाटली, की तो परत धरेल. मग बुडी मारली आणि मैतराला केसांना धरून वर आणलं.

भगवानराव चहाची किटली घेऊन काठावर उभे होते. "मी उतरलो तवा सपलंच होतं," उकंडा म्हणाला. अकरा वर्षं हे एकच वाक्य. पोलिसांना तेच, गावाला तेच, आणि देवीलालच्या बायकोला, मैनाबाईलाही तेच.

तिच्या पदरात तेव्हा चौदा वर्षांचा नेमसिंग होता. उकंडानं पुढच्याच उन्हाळ्यात त्याच्या कमरेला वाळले भोपळे बांधून त्याला पोहायला शिकवलं. ‘मागून, केस धरून’ हेही शिकवलं. मैनाबाईचं दोन एकर वावर पेरायचं असो, तिच्या झोपडीवर टिनं टाकायची असोत, उकंडा न बोलावता हजर. तांडा म्हणे, मैतर असावा त असा. हे ऐकलं की उकंडाला विहिरीतल्या त्या शिट्टीची याद येई.

मैनाबाई हळूहळू राजदीप पास्टरच्या प्रार्थनेला जाऊ लागली. गावाबाहेर टिनाच्या एका खोलीत रविवारी वीस-पंचवीस माणसं जमायची. एके दिवशी तिनं उकंडाला म्हटलं, "भाऊ, एकडाव येऊन तर पाहा." तिला नाही म्हणायची त्याची हिंमत नव्हती, म्हणून तो गेला. गेला तो दाराशी बसायचा. पण तिसऱ्या का चौथ्या खेपेला पास्टर म्हणाला, की येशू तीन दिवस मेलेला होता, खरोखरचा मेलेला, आणि मग उठला. आणि पाण्यात जातो तो माणूस त्याच्याबरोबर मरतो आणि त्याच्याबरोबर उठतो. उकंडा दाराशी बसल्या बसल्या ताठ झाला. पाण्यातून मेलेला वर आणायचं काम त्यानं जन्मभर केलं होतं. जिता झालेला त्यानं पाहिला नव्हता.

म्हणून तो नदीत उतरला होता. कपारीला लटकलेला तो माणूस तिथं कायमचा बुडून जावा, एवढंच त्याला हवं होतं. आणि नेमका तोच माणूस लाथ मारून वर आला होता.

फेब्रुवारीत पास्टर पुन्हा आला. नवा चष्मा, त्याला मागून नाडी बांधलेली. मैनाबाईच्या अंगणात निंबाखाली खाट टाकली होती. येत्या रविवारी दोन बायका आणि उकंडा, असे तीन बाप्तिस्मे ठरत होते.

"पास्टरजी," उकंडा म्हणाला, "मले पवता येते. मी आपला आपनच बुडी मारतो ना. तुमी काठावरून मंत्र म्हना."

"मंत्र नाही तो, काकाजी. आणि तसं चालत नाही."

"काहून? पानी तेच, मानूस तोच."

"पाण्यात काही नाही हो. वर्धेचं पाणी पाप धूत असतं तर त्या डोहातल्या मासोळ्या सगळ्यात पवित्र झाल्या असत्या." बायका हसल्या. पास्टर मात्र हसला नाही. "ती खूण आहे. मेलेला माणूस आपला आपण पुरला जातो का? त्याला दुसरे पुरतात. आणि उठतो तोही आपल्या जोरानं उठत नाही. म्हणून दुसऱ्याच्या हाती अंग द्यायचं. मला बुडवा, तुम्ही वर काढाल यावर माझा भरवसा आहे, असं म्हणायचं. तेवढंच कठीण आहे, बाकी नदीत आंघोळ सगळेच करतात."

"आन पुरला तो मेलाच नसला त?"

पास्टर हसला. "मग तो लाथ मारतो, काकाजी."

सगळं अंगण हसलं. उकंडाही तोंड वाकडं करून हसला.

"यंदा भेव नाही," पास्टर पुढं म्हणाला. "नेमसिंग माझ्याबरोबर पाण्यात राहील. तरणा गडी आहे, पोहणारा आहे, तुमच्याच हाताखालचा. तो मागं उभा राहून धरेल तुम्हाला. आणि आधी काठावर सगळ्यांनी साक्ष द्यायची. कशातून निघालो, कुणी काढलं, दोन शब्दांत."

मैनाबाई चहाचे कप गोळा करत होती. "माया पोरगा धरते म्हनल्यावर भाऊ कायले भेतीन? त्यायनंच त लहानाचा मोठा केला."



शनिवारी दुपारी तो तिच्या वावरात गेला. घरी पंचफुलाशी, त्याच्या बायकोशी, सकाळीच वाजलं होतं. "पोरीच्या सासरचे काय म्हनतीन? मी त येनार नाई नदीवर, आन तुमचं वल्लं धोतरबी पियनार नाई!" उकंडा उठून अंगणात गेला होता. उद्या जे होईल त्यात सासरच्यांचं बोलणं सगळ्यात हलकं असणार होतं.

मैनाबाई शेवटचा, हंगाम सरल्यावर फुटलेला फरदडीचा कापूस वेचत होती. कमरेला ओटी बांधलेली, बोंडांनी टोचलेली बोटं. तिच्या पराटीच्या दोन ओळी पलीकडे उकंडा उभा राहिला.

"वैनी, थांबा जरा."

"बोला ना. हात चालू राह्यले म्हनून काय कान बंद हायेत?"

"देवीलाल मेला नव्हता मी उतरलो तवा."

तिचे हात चालूच राहिले. एक बोंड, दुसरं बोंड. तिसऱ्याला थांबले.

"जिता होता," उकंडा म्हणाला. आता थांबलो तर पुन्हा कधीच बोलणार नाही, हे त्याला कळत होतं. "मले हाक मारली त्यानं. मी समोरून गेलो. त्यानं गया धरला. मी लाथ मारली, छातीत. सुटला. मंग मी कपारीले धरून राह्यलो. बुडबुडे येऊन राह्यले होते, तरी गेलो नाई. बंद झाले तवा गेलो."

वारा नव्हता. लांब रस्त्यावरून एसटी गेली, तिचा आवाज पार फाट्यापर्यंत ऐकू आला.

"काय म्हनून हाक मारली?" मैनाबाईनं विचारलं.

"उकंड्या म्हनून."

"म्हंजे तू आला हे समजलं त्याले."

अकरा वर्षांत ती त्याला कधी ‘तू’ म्हणाली नव्हती.

"हाव."

"मी रोज विचार करो," ती म्हणाली, कापसाकडेच पाहत, "का तो एकटा होता. पान्यात एकटाच होता, अंधारात, कोनी नाई. तेच मले खाये." ती थांबली. "आता हे खाईन."

"वैनी, मी..."

"नेमसिंगले कोन सांगन?"

"मी सांगतो."

"तूच सांग. माया तोंडून निंघनार नाई ते. आन उद्या पान्यात जायच्या आंधी सांग. त्याच्या हातात अंग देनार हायेस ना? त कोनाच्या हातात देऊन राह्यला ते त्याले म्हाईत पायजे." मग ती ओटी सोडून सगळा कापूस जमिनीवर ओतून तिथंच बसली. उकंडा पुढं सरकला तशी म्हणाली, "घरी जा."

नेमसिंग लोहाऱ्याच्या एमआयडीसीत कामाला होता. शनिवारची पाळी करून तो तिकडेच थांबायचा आणि सकाळी परस्पर नदीवर यायचा होता. उकंडानं तीनदा फोन हातात घेतला. ही गोष्ट फोनवर सांगायची नव्हती, एवढं त्याला कळत होतं. आणि फोनवर सांगितली तर निदान त्याचं तोंड पाहावं लागणार नाही, हेही कळत होतं. त्यानं फोन ठेवून दिला.

रविवारी सकाळी डोहावर धुकं होतं. माणसं शाली गुंडाळून काठावर उभी. मैनाबाई आली होती. दोन्ही बायकांच्या कोरड्या लुगड्यांबरोबर उकंडाचं कोरडं धोतरही तिच्याच हातात होतं. पास्टरनं आदल्या आठवड्यात सांगितलेलं काम. तिनं उकंडाकडे पाहिलं नाही.

नेमसिंग उशिरा आला. मोटारसायकल बाभळीला टेकवली, पँट गुडघ्यावर सारली आणि हसत हसत थेट पाण्यात. "लय थंड हाये बे! चाला काकाजी, आज पास्टरजीले वाचोतो तुमच्यापासून!" तो पास्टरच्या बाजूला छातीभर पाण्यात जाऊन उभाही राहिला. उकंडाला त्याला बाजूला घ्यायचं होतं. आता बाजू उरलीच नव्हती.

दोघी बायकांनी साक्ष दिली. दोघी पाण्यात गेल्या, वर आल्या, गाणं झालं. मग पास्टर पाण्यातूनच म्हणाला, "उकंडाकाका, तुमची साक्ष."

उकंडा काठावर उभा होता. अंगात नुसती बनियन आणि पंचा. त्यानं तोंड उघडलं आणि पाठ करून आणलेलं सगळं निघून गेलं.

"नेमसिंग," तो म्हणाला. "तुया बापाले मी बुडोलं."

कुणीतरी हसलं, कारण उकंडा बोलला की हसायची सवय होती. मग कुणीच हसलं नाही. उकंडानं सगळं सांगितलं. फळी, हाक, गळ्यातली मिठी, टाच, कपार, बुडबुडे. भगवानरावांची किटलीसुद्धा सांगितली. आवाज मोठा नव्हता, पण पाण्यावरून आवाज दूर जातो. "नाताळात पास्टरजीले बसली ते सवय नव्हती," शेवटी तो म्हणाला. "ते तेच होतं."

नेमसिंगच्या चेहऱ्यावरचं हसू जायचं राहूनच गेलं होतं. नुसतं ओठांवर अडकलेलं. त्यानं आईकडे पाहिलं. "याडी, तुले म्हाईत होतं?"

"कालपासून," मैनाबाई म्हणाली.

"काकाजी." नेमसिंगनं पाण्यावरून विचारलं. "बापानं तुमाले हाक मारली?"

"हाव."

"आन तुमी लाथ मारली."

"हाव."

पास्टरचा रंग उडाला होता. त्यानं नेमसिंगच्या खांद्यावर हात ठेवला. "आज इथंच थांबू. आपण सगळे वर बसून प्रार्थना करू. काकाजी, पुढच्या महिन्यात..."

"काहून?" नेमसिंग त्याच्याकडे न पाहता म्हणाला. "पानी तयार हाये, मानूस तयार हाये. या, काकाजी."

"नका जाऊ हो!" काठावरून मागून आवाज आला. पंचफुला. येणार नाही म्हणणारी पंचफुला बाभळीआडून पुढं आली होती. "त्याचं तोंड पाहा ना! अवजी, नका जाऊ म्हनते मी!"

उकंडानं नेमसिंगचं तोंड पाहिलं होतं. तसं तोंड त्यानं पुष्कळ काठांवर पाहिलं होतं. प्रेत वर आलं की घरच्यांचं होतं तसं. परत फिरायला मोकळीक होती. कुणी बोट दाखवलं नसतं, साक्ष तर झालीच होती. पण दुसऱ्याच्या हाती अंग द्यायचं ते सोप्या हातांत द्यायचं, असं पास्टर कुठं म्हणाला होता? तो पाण्यात उतरला.

गुडघे, मांड्या, कंबर. थंडीनं श्वास अर्धा झाला. नेमसिंगनं मागं उभं राहायचं ठरलं होतं. तो समोर उभा होता.

"उकंडाकाका," पास्टरचा आवाज कापत होता, "तुम्ही पापाकडे पाठ फिरवता का?"

"हाव."

"येशू ख्रिस्त तुमच्यासाठी मेला आणि उठला यावर तुमचा विश्वास आहे का?"

"हाव."

"तर पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावानं, उकंडा, मी तुमचा बाप्तिस्मा करतो."

या खेपेला शब्द पुरे झाले. पाठीवर पास्टरचा हात, आभाळ मागं कलंडलं, पाणी कानात शिरलं, नाकाशी आलं. गुडघ्याला कळ लागली. अकरा वर्षांपूर्वीचीच ती कळ, न सांगता गुडघा वर आणणारी. उकंडानं दोन्ही हात पसरून सोडून दिले. गुडघा थरथरला आणि खालीच राहिला.

पाणी डोळ्यांवरून मिटलं.

खाली सगळं हिरवं होतं. त्यानं डोळे उघडे ठेवले होते, सवयच तशी. एवढ्यात वर काढायचं असतं. दोघी बायका एवढ्यात वर आल्या होत्या. त्याऐवजी एक दुसरा हात आला. रुंद, तरणा हात. त्याच्या छातीवर टेकला, नेमका मधोमध, आणि त्या हातामागं अख्ख्या अंगाचा भार आला. पास्टरचा हात पाठीवरून निसटला. उकंडाची पाठ रेतीला टेकली. वरून ओरडण्याचे आवाज येत होते, गोधडीआडून आल्यासारखे.

एका लाथेत हा पोरगा दोन हात मागं गेला असता. कुठं मारायची ते उकंडाइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. कानात शिट्टी सुरू झाली. छाती फुटायला आली. देवीलालनं हेच पाहिलं असेल, त्याच्या मनात आलं. हेच हिरवं. आणि वर मैतर. त्याच्या तोंडातून बुडबुडे सुटले, आणि ते वर जाताना त्यानं पाहिले. बापा, त्यानं प्रार्थनेतल्यासारखं म्हटलं. उरलेल्या हवेत एवढंच बसत होतं. हात पसरलेले होते, ते त्यानं तसेच राहू दिले.

छातीवरचा भार गेला.

हिरव्यात काहीतरी हललं, नेमसिंगचे पाय, वळसा घालून जाताना. मग डोक्यामागून बोटं आली, केसांत रुतली, मुळापासून आवळली, आणि उकंडा वर ओढला गेला. आधी कपाळ, मग नाक, मग तोंड, आभाळाकडे केलेलं. हवा आत शिरली ती ओरडतच.

पास्टर नेमसिंगच्या दंडाला लोंबकळत रडत होता. नाडीनं बांधलेला चष्मा गळ्यात पाठीमागं लटकत होता. पंचफुला लुगड्यासकट कमरेइतक्या पाण्यात आली होती आणि नेमसिंगला, पास्टरला, नदीला, उकंडाच्या सात पिढ्यांना शिव्या घालत होती. नेमसिंगनं केस सोडले नव्हते. तो हुंदके देत होता, लहान असताना पहिल्यांदा नाकात पाणी गेलं होतं तेव्हा दिले होते तसे.

"मारा ना लाथ," तो म्हणाला. "काहून नाई मारली? मारली असती त मी सोडलंच नसतं तुमाले."

 खोकताना उकंडाच्या तोंडातून नदी येत होती.

"मागून," नेमसिंग म्हणाला, आणि त्याच्या बोटांची पकड ढिली झाली. "तुमीच शिकोलं होतं."

काठावर गाणं म्हणायचं कुणाला सुचलं नाही. मैनाबाई तशीच उभी होती, हातात धोतर. तिनं खाली वाकून ते एका कोरड्या दगडावर ठेवलं, वाऱ्यानं उडू नये म्हणून त्यावर गोटा ठेवला आणि गावाची वाट धरली. पंचफुला तिच्या मागं काहीतरी ओरडली. ती थांबली नाही. बाभळीपाशी, मोटारसायकलजवळ पोचली तेव्हा मात्र वळली. तिथून तिला उकंडा कसा दिसत होता कोण जाणे. रेतीनं भरलेली पाठ, चिकटलेले केस, दोन पावलं टाकून पुन्हा पाण्यात बसणारा.

"नेमसिंग," तिनं हाक दिली. "दगडं निसरडे हायेत तिथले. त्याले धरून आन."

नेमसिंगनं डोळे पुसले आणि हात पुढं केला. पाण्यात असताना उकंडानं आजवर कुणाला आपला हात धरू दिला नव्हता. त्यानं तो दिला.